टाळीला जागा नको

माणसाला श्वास घ्यावा लागतो, ही गोष्ट वरिष्ठांना निवृत्तीला चार-पाच महिने उरले असताना अचानक अपमानास्पद वाटू लागली. तोपर्यंतचं आयुष्य त्यांनी चारचौघांसारखा आत-बाहेर श्वास घेऊनच काढलं होतं आणि त्यात काही कमीपणा आहे, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

वरिष्ठ म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयातले वरिष्ठ लिपिक. त्यातला 'लिपिक' त्यांनी स्वतःच हळूहळू गळू दिला. फोन उचलला की "वरिष्ठ बोलतोय" म्हणायचं, सही करताना शेवटचा शब्द गिचमिड करायचा, असं करत करत सगळं ऑफिस त्यांना नुसतं वरिष्ठ म्हणू लागलं. कोणी हरकत घेतली नाही. फुकटचा मान द्यायला कोणाच्या बापाचं काय जातं?

त्यांच्याकडे तक्रार शाखा होती. नळाला आधी फुसफुसत हवा येते, पाणी मागाहून येतं. पण मीटर त्या हवेवरच गरागरा फिरून मोकळं होतं आणि न प्यायलेल्या पाण्याचं बिल घरी येतं, अशी तक्रार घेऊन लोक वर्षानुवर्षं यायचे. वरिष्ठ त्यांना वर्षानुवर्षं एकच उत्तर लिहून द्यायचे : "मीटर नुसत्या हवेवर फिरत नाही, ही बाब कृपया ध्यानी घ्यावी." या एका वाक्यावर त्यांनी उभी नोकरी रेटली. माणूस असा चिवट.

आता त्यांच्या बासरीविषयी. वरिष्ठ बासरी वाजवत, म्हणजे एक धून वाजवत. ती तरुणपणी कोणीतरी शिकवली होती आणि फार लांबलचक आणि फार गहिरी होती, असं ते सांगत. त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवणं भाग होतं, कारण ती पुरती कोणीच ऐकली नव्हती. ऑफिसात कोणी निवृत्त झालं की कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम व्हायचा. आधी भेटवस्तू, मग वरिष्ठांची बासरी, मग साहेबांचं भाषण आणि मग चहा. जमलेल्या सगळ्यांचं चित्त चहाकडे. धुनेचा पहिला फेरा वर वर चढत जाऊन एका उंच सुरावर पोचायचा, तिथे वरिष्ठ दम घ्यायला थांबायचे आणि त्या क्षणी सगळं कँटीन कडाडून टाळ्या वाजवायचं. साहेब भाषणाचा कागद घेऊन उभे राहायचे. पहिल्यांदा हे गैरसमजाने घडलं, दुसऱ्यांदा सवयीने, आणि तिसऱ्यांदा ती ऑफिसची पद्धत झाली. ऑफिसात एकदा पद्धत पडली की ब्रह्मदेव आला तरी ती मोडत नाही. वरिष्ठ उरलेली धून पोटात ठेवून नमस्कार करायचे आणि खाली बसायचे.

घरीही वेगळी कथा नव्हती. पहिल्या श्वासाला बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, तेवढा गॅस बारीक करा हो," आणि वरिष्ठ उठायचे. गॅस बारीक व्हायचा आणि धूनही तिथेच विझायची.

साहेबांच्या भाषणाचं म्हणाल, तर तेही वरिष्ठच लिहून देत. साहेब बदलले, भाषण बदललं नाही. निवृत्त होणारा माणूस कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि कार्यालयाचा आधारस्तंभ असायचाच. मग तो दिवसभर खुर्चीत घोरणारा का असेना. वरिष्ठ दुसऱ्यांसाठी ही विशेषणं पोत्याने ओतत आले होते आणि मनातल्या मनात हिशेब ठेवून होते की एक दिवस आपलाही येईल. आपण बासरी पुरी वाजवू, कँटीन स्तब्ध होईल, आणि मग साहेब उठून आपल्याविषयी चार शब्द बोलतील. एवढ्या दोनच गोष्टींसाठी ते उरलेली नोकरी ढकलत होते.

अशात रोखपालांचा निरोप झाला. नेहमीप्रमाणे पहिल्या श्वासाला टाळ्या पडल्या आणि साहेब उठून म्हणाले, "वा! संक्षिप्त आणि सुंदर! कलावंताने कुठे थांबावं, हे आपल्या वरिष्ठांकडून शिकावं."

हे वाक्य वरिष्ठांनी लिहून दिलेलं नव्हतं. साहेबांच्या स्वतःच्या डोक्यातून आलेलं ते त्या वर्षातलं एकमेव वाक्य असावं आणि ते नेमकं यांच्या वर्मी लागलं.

"संक्षिप्त!" घरी आल्यावर चपला काढता काढता वरिष्ठ म्हणाले. "मी संक्षिप्त आहे?"

"टाळ्या तर वाजवल्या ना लोकांनी?" बायको म्हणाली.

"त्या टाळ्या माझ्या श्वासाला होत्या! मी थांबलो याचा आनंद झाला लोकांना!" आणि एका पायात चप्पल तशीच ठेवून त्यांनी प्रतिज्ञा केली, "माझ्या निरोपाला मी जागाच ठेवणार नाही. टाळीला जागा नको."

"आणि श्वास?"

"तो नाकाने घेईन. वाजवता वाजवता. कोणाला पत्ता लागू देणार नाही. असे वाजवणारे असतात जगात."

"असतील," बायको म्हणाली. "आधी दुसरी चप्पल काढा."

अशी विद्या शिकवणारा गुरू शोधायला फार वेळ लागला नाही. जगात एक वेळ शिष्य मिळणार नाही, पण गुरू पैशाला पासरी. हे गुरू एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत बसत आणि स्वतःला श्वासगुरू म्हणवून घेत. ते कोणतंच वाद्य वाजवत नव्हते. वाद्याच्या मोहात पडलं की श्वासाकडे दुर्लक्ष होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन जिने चढून वर आले की त्यांना स्वतःला धाप लागायची, आणि ती उतरेपर्यंत ते डोळे मिटून बसत. शिष्यांना वाटे, ध्यान चाललंय.

"गाल म्हणजे काय?" गुरूंनी विचारलं.

वरिष्ठांनी आपला गाल चाचपला. "गालच."

"टाकी! गाल म्हणजे टाकी. ती भरून घ्यायची. आतली हवा संपत आली की टाकीतली बाहेर सोडायची आणि तेवढ्यात नाकाने नवी आत ओढायची. प्रवाह तुटता कामा नये."

हे मात्र वरिष्ठांना झटकन कळलं. मेन लाइन बंद असताना वरच्या टाकीतून पुरवठा सुरू ठेवायचा, ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर कागदावर पाहिली होती. प्रत्यक्षात ती त्यांच्या खात्याला कधी जमली नव्हती, हा भाग वेगळा.

"आणि ती धून वगैरे विसरा," गुरू म्हणाले. "एकच सूर धरायचा. धून श्वासाची शत्रू आहे. आधी पेल्यात पाणी घ्या, त्यात नळी बुडवा आणि बुडबुडे काढत राहा. बुडबुडा थांबला की तुम्ही संपलात. आणि दिवसभर गाल भरलेले ठेवा. टाकी कधी रिकामी ठेवतात का?"

वरिष्ठांनी गुरूचा शब्द झेलला. इतका झेलला की तीच धून पुढे आपल्याला वाजवायची आहे, ही क्षुल्लक बाब त्यांच्या मनातूनच गेली.

दुसऱ्या दिवसापासून ते गाल फुगवून वावरू लागले. जिन्यात वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य भेटले. हे गृहस्थ निवृत्त झाले होते, पण हात अजून शिवशिवत होते. कोणी नुसती जांभई दिली तरी ते वाकून आत बघत.

"अरे अरे अरे!" दंतवैद्य म्हणाले. "दोन्ही बाजूंना? कधीपासून?"

बोलावं तर टाकी रिकामी होणार. वरिष्ठांनी हाताने 'काही नाही' अशी खूण केली.

"बोलताही येत नाही? ठणकतंय?"

वरिष्ठांनी जोरात मान हलवली. ती नाही म्हणून होती. पण गाल फुगलेल्या माणसाची मान कशीही हलली तरी ती कळ येऊनच हलते, असं दंतवैद्यांचं शास्त्र सांगत होतं. संध्याकाळपर्यंत वरिष्ठांच्या अक्कलदाढेची बातमी इमारतभर झाली. शेजारपाजारचे एकेक करून चौकशीला आले. कोणी लवंग आणली, कोणी मीठ-पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, एकाने तर आपल्या मामांची दाढ कशी थेट मेंदूपर्यंत गेली होती, ते बसून सविस्तर सांगितलं. वरिष्ठ कोपऱ्यात गाल फुगवून ऐकत होते. या वयात अक्कलदाढ, म्हणजे अक्कल आत्ता येतेय की काय, असं कोणीतरी दारात चपला घालताना म्हणालंच. ते वरिष्ठांनी ऐकलं आणि त्यांचे गाल आणखी फुगले.

पुढचा प्रसंग बुडबुड्यांचा. वरिष्ठ न्हाणीघरात पेला आणि नळी घेऊन बसत. ती बुडबुड भिंतीतल्या पाइपातून वर चढे आणि दंतवैद्यांच्या बेसिनमधून बाहेर पडे. आधी त्यांना वाटलं गुळण्या चालल्यात, आणि आपला सल्ला पाळला जातोय म्हणून ते सुखावले. पण गुळणी मिनिटामागून मिनिटं चालत नसते. त्यातच वरिष्ठांनी बासरीवर एक सूर धरायला सुरुवात केली. तो सूर मध्येच कण्हायचा, मध्येच खाली बसायचा, पण जायचा नाही. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सचिव दारात उभे.

हे सचिव म्हणजे वरिष्ठांचे सख्खे साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नात्याने धाकटे आणि पदाने मोठे, असा हा त्रासदायक माणूस होता.

"भाऊसाहेब, तक्रार आलीये," साडू म्हणाले.

"कोणाची?"

"नाव सांगता येत नाही. पण ते दात काढायचे." साडूंनी खिशातून सोसायटीची नियमावली काढली. "हे बघा. 'वाद्य वाजविणाऱ्याने शेजाऱ्यांस उसंत मिळेल अशा बेताने अधूनमधून थांबावे.' तुम्ही थांबत नाही."

"कोणी लिहिलाय हा मूर्ख नियम?"

"तुम्ही."

हे खरं होतं. दंतवैद्यांच्या पुतण्याने ड्रम आणला होता, तेव्हा वरिष्ठांनीच कागद पुढे ओढून हा नियम लिहिला होता आणि सभेत वाचून दाखवून सगळ्यांच्या माना डोलावून घेतल्या होत्या.

"तो ड्रमसाठी होता," वरिष्ठ म्हणाले.

"मी तेव्हा म्हणत होतो, ड्रम लिहा. तुम्ही म्हणालात, व्यापक शब्द घालू या. वाद्य."

"अहो, पण न थांबणं हीच तर यातली विद्या आहे!"

"मग ती विद्या नियमात बसत नाही. थांबा मधून मधून आणि काय वाजवायचं ते वाजवा. मला काय, मी तर तुमची बासरी सगळ्यांना कौतुकाने सांगतो. छोटीशीच असते, पण गोड असते, म्हणतो."

आपणच खणलेल्या खड्ड्यात पडलेल्या माणसाला 'वाचवा' म्हणून ओरडायचीही सोय नसते. साडू गेल्यावर वरिष्ठांनी पेला आणि नळी पिशवीत घातली आणि दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात नेली.

ऑफिसात तळमजल्यावर रेकॉर्ड रूम होती. तिथे जुन्या तक्रारींचे गठ्ठे होते आणि माणूस फिरकत नसे. जेवणाच्या सुटीत वरिष्ठ आत जाऊन दार लोटून घेत आणि पेल्यात बुडबुडे काढत. पण आवाजाला बाहेर पडायला फट पुरते. दोन दिवसांत शिपायाने वर जाऊन सांगितलं की रेकॉर्ड रूमच्या खाली कुठेतरी पाणी वाहतंय.

लोकांच्या दारात पाइप फुटला तर या खात्याला तिकडे पोचायला एक ऋतू लागायचा. पण स्वतःच्या घरातली गळती म्हटल्यावर कोण धावपळ! जुना फिटर कान लावायची दांडी घेऊन आला. दारापाशी ती जमिनीला टेकवून त्याने ऐकलं. आत वरिष्ठ गठ्ठ्यांच्या मागे बसून बुडबुडत होते.

"आहे गळती," फिटर म्हणाला. "पण थांबून थांबून येतेय. मध्येच दम घेतल्यासारखी."

बुडबुड त्या शब्दासरशी बंद पडली. वरिष्ठांच्या मस्तकात सणक गेली. म्हणजे इथेही तेच! जमिनीखालची गळती समजून ऐकणाऱ्यालासुद्धा यांचा दम कळत होता. खरं तर त्याच वेळी बाहेर येऊन 'अहो, तो मी आहे' असं सांगितलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण पेला आणि नळी हातात धरून वरिष्ठ लिपिकाने फिटरसमोर यायचं, ही कल्पनाच त्यांना सहन झाली नाही. ते मागच्या दाराने सटकले आणि त्या दिवसापासून इरेला पेटले. सकाळी लवकर येऊन बुडबुडे, जेवणाच्या सुटीत डबा बाजूला ठेवून बुडबुडे. डोळे लाल झाले, शर्टाची बाही कायम ओली राहू लागली.

दोन आठवड्यांनी फिटरने पुन्हा दांडी लावली. त्याचा चेहरा गंभीर झाला.

"आता सलग येतेय," तो साहेबांना म्हणाला. "जराही खंड नाही. हे वाढलंय, साहेब."

वरिष्ठ तोवर वळसा घालून साहेबांच्या मागे येऊन उभे होते. आयुष्यात कोणत्याही प्रशस्तीने त्यांचं काळीज असं भरून आलं नव्हतं. जराही खंड नाही! त्यांना त्या फिटरला मिठी मारावीशी वाटली.

"वरिष्ठ, तुमचं काय मत?" साहेबांनी विचारलं.

"सलग आहे, साहेब," वरिष्ठ सद्गदित होऊन म्हणाले. "निर्विवाद सलग आहे."

"मग फोडा फरशी."

तेव्हा त्यांना भान आलं. पण तोंडातून शब्द गेला होता. खोदाईच्या कागदावर पहिली सही त्यांचीच पडली, त्यातला 'लिपिक' नेहमीसारखा गिचमिड. रेकॉर्ड रूमची अर्धी फरशी उखडली गेली. खाली कोरडी ठणठणीत माती निघाली. हे पाहून खातं शहाणं झालं असं कोणी समजू नये. गळती पुढे सरकली असणार, असं ठरवून त्यांनी कॉरिडॉर फोडायला घेतला. साहेबांनी वरिष्ठांच्या तत्परतेची मीटिंगमध्ये दखल घेतली. वरिष्ठांनी मान खाली घातली आणि ती सगळ्यांना विनयाने घातली असं वाटलं.

आणि मग तो दिवस उजाडला. भाषण कोणी लिहायचं, असा प्रश्न आलाच नाही. साहेबांनी आदल्या आठवड्यात सवयीने सांगितलं, "वरिष्ठ, त्या निरोपाचं बघून ठेवा," आणि निरोप यांचाच आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. वरिष्ठांनी घरी दार लावून ते भाषण लिहिलं. आजवर दुसऱ्यांवर उधळलेली विशेषणं त्यांनी एकेक करून परत बोलावली. बासरीवर खास एक वाक्य घातलं. टाइप करायला देण्याची लाज वाटली, म्हणून सुवाच्य अक्षरात उतरवून कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

कँटीन भरलं होतं. कॉरिडॉर फोडलेला असल्यामुळे लोक फळीवरून तोल सावरत आले होते. पहिल्या रांगेत बायको, तिच्या शेजारी साडू, मागे सगळं ऑफिस, कोपऱ्यात चहाचं भांडं. कँटीन सहाला बंद व्हायचं आणि साहेबांना सहालाच वरच्या साहेबांकडे मीटिंगला निघायचं होतं. मोठ्या काट्याची जेमतेम अर्धी फेरी हाताशी होती. पण या ऑफिसचे निरोप नेहमी त्याहून कमी वेळात उरकत. भेटवस्तू झाली. वरिष्ठ उभे राहिले, बासरी ओठाला लावली आणि सुरुवात केली.

पहिला फेरा चढत चढत उंच सुरावर पोचला. सगळ्यांचे हात टाळीसाठी वर आले. साहेब कागद घेऊन अर्धे उठले.

वरिष्ठांनी गाल फुगवले, नाकाने सूंऽऽ करून हवा ओढली, आणि सूर तुटला नाही.

हात हवेत तसेच राहिले. साहेब अर्धवट उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं आणि बसले. वरिष्ठांच्या डोळ्यांत विजयाचं पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते त्या श्वासाच्या पलीकडे आले होते. आणि पलीकडे आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पुढे काय वाजवायचं ते आपल्याला येत नाही.

येत होतं, कोणे एके काळी. पण जे कधी वाजवलंच नाही, ते बोटांनी कशासाठी सांभाळून ठेवायचं? ऑफिसात टाळ्यांनी आणि घरी गॅसने ती धून जिथे कापली होती, तिथेच ती बोटांत संपत होती. गेले चार महिने यांनी पाण्यात बुडबुडे काढले, गाल फुगवले, फरशी फोडली. धुनेची एकदा उजळणी करावी, एवढं मात्र सुचलं नाही. धून आपली आहे म्हणजे ती येतेच, असा बेफिकीर विश्वास. पोहायला शिकून माणसाने पाहावं, तर नदीत पाणीच नाही.

उंच सूर त्यांनी शक्य तेवढा ताणला. मग दुसरं काही सुचेना म्हणून ते हळूच खाली घसरले आणि पहिला फेरा पुन्हा सुरू केला.

पुन्हा उंच सूर. पुन्हा हात वर. पुन्हा साहेब अर्धे उठले. पुन्हा सूंऽऽ, आणि पुन्हा पहिला फेरा. थांबायचं म्हटलं, तर ज्या जागी थांबून जन्मभर अपमान झाला, त्याच जागी थांबावं लागणार होतं; आणि त्या जागेखेरीज दुसरी जागा त्यांच्यापाशी नव्हती. घाण्याच्या बैलासारखे ते फिरत राहिले. लोकांना आधी आश्चर्य वाटलं, मग काळजी, मग कंटाळा. टाळीसाठी उचललेले हात मांडीवर पडले. मागच्या रांगेतल्यांनी हळूच चहा ओतून घेतला आणि ते फळीवरून तोल सांभाळत पसार झाले. साडूंनी घड्याळ पाहिलं आणि नियमावली आणली नाही याची त्यांना हळहळ वाटली असावी.

साहेब उठून बसून थकले. काटा सहाकडे आला तेव्हा ते उठले, वरिष्ठांकडे पाहून मान लववली, भाषणाचा कागद शिपायाच्या हातात दिला आणि गेले. वरिष्ठांना हे सगळं दिसत होतं. आपली कर्तव्यदक्षता, आपला मनमिळाऊ स्वभाव, आपला आधारस्तंभ, सगळं घडी घालून शिपायाच्या हातात जाताना ते बासरीवरून पाहत होते. त्यांना ओरडावंसं वाटलं, 'साहेब, थांबा!' पण तोंड बासरीला होतं. आणि ते काढायला धीर होईना.

शेवटी बायको उठली. शांतपणे त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, किती घाम आलाय," ती म्हणाली आणि तिने रुमालाने त्यांचं नाक पुसलं. नीट, चिमटीत धरून पुसलं.

नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण खरी ठरली. वरिष्ठांचं तोंड आ करून उघडलं, टाकीतली सगळी हवा एकदम सुटली, बासरीने एक किंकाळी फोडली आणि कँटीन शांत झालं. त्या शांततेत वरिष्ठांनी एक मोठा, सर्वांना ऐकू जाईल असा श्वास घेतला. टाळी कोणी वाजवली नाही. वाजवायला फारसं कोणी उरलंच नव्हतं, आणि जे होते त्यांना आता आपला अंदाज चुकेल अशी धास्ती बसली होती.

पहारेकरी किल्ल्या वाजवत दारात उभा होता. जाता जाता मीटर तपासनीस वरिष्ठांपाशी थांबला. भला माणूस, पण जिभेला हाड नव्हतं.

"वरिष्ठ, जन्मभर तुम्ही लोकांना लिहून देत आलात, नुसत्या हवेवर मीटर फिरत नाही म्हणून," तो म्हणाला. "आज डोळ्यांनी पाहिलं हो. फिरतं. आणि थांबतही नाही."

शिपायाने कागद आणून दिला. "साहेब म्हणाले, घरी निवांत वाचा. सगळं मनापासून लिहिलंय म्हणाले."

घरी येऊन वरिष्ठ खुर्चीत बसले. भेटवस्तूही उघडली नाही. बायकोने चहा ठेवला, त्यांच्या हातातला कागद काढून घेतला आणि चष्मा लावला.

"राहू दे," वरिष्ठ म्हणाले.

"का? साहेबांनी मनापासून लिहिलंय म्हणे." तिने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "साहेबांचं अक्षर अगदी तुमच्यासारखं आहे हो."

मग उत्तराची वाट न पाहता ती मोठ्याने वाचू लागली. "आपल्या कार्यालयाचे आधारस्तंभ, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, मितभाषी, तत्पर, कनिष्ठांचे मार्गदर्शक व वरिष्ठांचे विश्वासपात्र असे आणि ज्यांची बासरी ऐकताना वेळ कसा जातो हे कळत नाही व ती संपूच नये असे वाटते अशा आपल्या..." ती थांबली.

वाक्य अजून बरंच बाकी होतं. त्यात पूर्णविराम कुठेच नव्हता.

"पुढे वाच ना," वरिष्ठ न राहवून म्हणाले.

"अहो, श्वास तर घेऊ द्या!"

तिने श्वास घेतला, सावकाश घेतला, आणि पुढचं वाचलं. मध्ये दोनदा थांबली. गॅसवर चहा उतू जायला आला होता, त्याचा आवाज दोघांनाही येत होता. पण आज तिने गॅस बारीक करायला सांगितलं नाही आणि तेही उठले नाहीत. कागद संपला तशी तिने तो उलटून पाहिला, मागे काही आहे का.

"संपलं ना नक्की?" तिने विचारलं.

"संपलं," वरिष्ठ म्हणाले.

मग तिने कागद मांडीवर ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.